ओंकार क्लासला गेलाय

घट उठले की आमच्या तुळिंजमधल्या बिल्डिंगांत खरवडण्याचा आवाज सुरू होतो. पावसात भिजलेल्या भिंती ऑक्टोबरच्या उन्हात वाळतात, रंगाला फोड येतात, फोडांतून पांढरी पूड गळते आणि कुणीतरी पत्र्याची पट्टी घेऊन ती खाली पाडत बसतं. खर्र, खर्र. एक भिंत थांबली की दुसरी. सकाळी उठावं तर उशीवर, केसांत, झाकायचं राहिलेल्या पातेल्यात तीच पूड. आई म्हणते, भिंतीला लोणा आलाय. मी म्हणते, भिंतीला काही आलेलं नाही, बिल्डरने खाडीची खारी रेती वापरलीय. लहानपणी मी भिंत चाटून बघितली होती. खारट होती. पुढे मी जेवढी पत्रकं लिहिली, त्या सगळ्यांतला माझा पहिला पुरावा तो.

या वर्षीही रंगारी आला. बाहेरच्या खोलीत खिळ्याला एक निळं दप्तर टांगलेलं आहे. त्याने विचारलं, "वहिनी, हे काढू ना?"

"राहू दे," माझी वहिनी म्हणाली. "त्याच्या भोवतीने मार."

दर वर्षी हेच. त्यामुळे दप्तरामागे अजून तो जुना रंग आहे, त्या ऑक्टोबरचा. भोवतीची भिंत दर वर्षी नवी होते. दप्तराएवढी जागा मात्र तिथेच थांबलेली.

त्या ऑक्टोबरात मी कॉलेजात होते आणि जगावर चिडलेली होते. अजूनही आहे. पण तेव्हा चिडायला पाण्याचा एकच विषय पुरत होता. आमच्या नळांतून हवा यायची. टॅंकर आला की बायका हंडे घेऊन जिन्यावरून धावायच्या आणि खाली पोचेपर्यंत पाइप दुसऱ्या गल्लीत गेलेला असायचा. आम्ही पोरं-पोरी मोर्चाची पत्रकं काढायचो. "बंधूंनो आणि भगिनींनो, किती दिवस गप्प बसणार?" असं माझंच वाक्य माझ्याच हाताने मी जिन्याखाली चिकटवलं, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्यावर दुसरा कागद. गुळगुळीत, रंगीत.

"पाहिजेत: गृहिणी. शिक्षणाची अट नाही. अनुभवाची अट नाही. काम घरच्यासारखं."

मी तो कागद उपटला. त्याच्याबरोबर माझीही अक्षरं निघून आली.

कंपनी घरं नवी करून द्यायची. लाद्या, रंग, ओटा, छत, सगळं. नाव लिहीत नाही. ते नाव केव्हाच बदललं, माणसं तीच असतील. अंधेरीकडून निघून ती आता वसई-विरारमध्ये जाळं पसरत होती, आणि तिची पद्धत काय होती ते सांगितलं तर आजही लोक मला वेड्यात काढतात. दुकान नाही. प्रत्येक वस्तीत एक साधा फ्लॅट घ्यायचा, आजूबाजूच्या शेकडो फ्लॅटांसारखाच. तो आतून चकचकीत करायचा. आणि त्यात राहायला पगारी माणसं ठेवायची. राहायला म्हणजे दुपार उतरल्यापासून रात्री आठपर्यंत. टाय लावलेली पोरं बिल्डिंगी पालथ्या घालायची, दार वाजवून म्हणायची, "घेऊ नका हो, नुसतं बघायला चला." लोक आले की समोर घर. घरात माणसं. चहा उकळतोय.

आमच्या बिल्डिंगमध्ये त्यांनी घेतला तो पहिल्या मजल्यावरचा, बरोबर आमच्या खालचा. आणि त्यात ठेवली ती आमची शैलावहिनी.

"काय विचारलं गो?" आईने ती मुलाखतीहून आली तेव्हा विचारलं.

"काहीच नाही हो आई. साहेब म्हणाले, संध्याकाळी सात वाजता घरी जे करता ते करा. मी दिवा लावला, चहा टाकला आणि स्वयंपाकघराची खिडकी लावून घेतली. डास येतात ना. साहेब म्हणाले, खिडकी लावलीत ना, तिथेच तुमची निवड झाली."

आम्ही सगळे खूप हसलो. दादा तर म्हणाला, "च्यायला, माझ्या बायकोला बायको असण्याचा पगार!"

आजोबा म्हणून फुलपाड्याचे तांबेकाका नेमले. टपालातून रिटायर झालेले, शिडशिडीत, पांढऱ्या मिशा. ते जिन्यात मला सांगायचे, "मी म्हटलं, अनुभव दांडगा आहे, तीन नातवंडं आहेत. साहेब म्हणाले, ते चालणार नाही. इथे एकच नातू आहे." त्यांचं काम पेपर वाचायचं. पण पान उलटायचं नाही, आवाज होतो. पेपर फ्लॅट उघडला त्या दिवसाचा. काकांना त्यातली एक बाजू पाठ झाली होती.

मी आणि आई एकदा बघायला गेलो. दाराबाहेर चपलांचे चार जोड. तळ कोरे, एकही पाऊल न चाललेले. आत गुळगुळीत पांढऱ्या लाद्या, पिवळा उजेड, पुस्तकांचे नुसते पुठ्ठे, मेणाची सफरचंदं. फ्रिजला वायर नव्हती. घड्याळ सातच्या सुमाराला थांबवून ठेवलं होतं. मी आधी हसले, मग नीट बघितलं आणि कळलं की काय चुकतंय. मुंग्या नव्हत्या. डबा नाही, साखर सांडलेली नाही, कोपऱ्यात केस नाही, भिंतीवर हाताचा डाग नाही. आणि आई? आई आत शिरली आणि न बघता हात मागे नेऊन तिने दिव्याचं बटण दाबलं, कारण बटण तिथेच होतं. मग सरळ ओट्याशी गेली आणि हळदीच्या डब्यासाठी फळीवर हात फिरवायला लागली. रिकाम्या फळीवर तिचा हात तसाच थांबला.

जिन्यात आल्यावर ती म्हणाली, "मीने, ते आपलंच घर आहे गो. आपण गेल्यावरचं."

आणि नळ! तो तिथला नळ! बिल्डिंगमध्ये थेंब नसताना तो संध्याकाळभर सोडलेला असायचा, बारीक, खळखळ आवाजासाठी. माळ्यावर टाकी होती, तिच्यात कंपनीचा टॅंकर गुपचूप भरायचा. मी साहेबांना दारात गाठलं. हसऱ्या चेहऱ्याचा माणूस, पांढरा शर्ट, कधी घाम नाही.

"आमच्या घशाला कोरड आणि तुमचा देखावा वाहतोय. लाज वाटत नाही?"

"बेटा, तुझा आवाज फार चांगला आहे," ते म्हणाले. "दार उघडायला लावणारा. विरारला टीम वाढवतोय आपण. येतेस?"

"आपण नाही. तुम्ही."

"सगळे आधी असंच म्हणतात." मग माझ्या खांद्यावरून आत, वहिनीकडे बघत, अगदी मायेने म्हणाले, "लोक लाद्या घेत नाहीत गं. संध्याकाळ विकत घेतात."

त्या संध्याकाळी मी नंतर कानांनीच अनुभवल्या. आमच्या बिल्डिंगांना मधोमध डक्ट असतो. सगळ्यांच्या न्हाणीचे पाइप त्यातून जातात, सगळ्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडक्या त्यात उघडतात. खालून वहिनीचा आवाज वर यायचा. तिचाच, पण धुऊन इस्त्री केलेला. "या ना. बसा ना. घर आपलंच समजा. चहा घेता ना?" आणि वर भाजी चिरणारी आई सवयीने ओरडायची, "ठेव गो, येते!" मग विळीवरचा हात थांबायचा. आम्ही एकमेकींकडे बघायचो नाही.

खालच्या घरात एक मुलगाही होता. म्हणजे नव्हता. लहानसा पलंग होता, टेबल होतं, खुंटीला निळं दप्तर होतं. मुलं पगारावर ठेवणं कटकटीचं, म्हणून वहिनीला वाक्य दिलं होतं. कुणी विचारलं, मुलगा कुठाय, की म्हणायचं, क्लासला गेलाय. येईलच आता.

रोज संध्याकाळी डक्टमधून ते वर यायचं. येईलच आता.

इथे मला सरळ लिहायला हवं, कारण आमच्या घरात हे कुणी सरळ बोलत नव्हतं. वहिनीला मूल होणार होतं. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी. सहाव्या महिन्यात गेलं. दवाखान्यातल्या बाईंनी सांगितलं, मुलगा होता. त्यानंतर आमच्या घरात त्या गोष्टीवर जणू रंगाचा हात मारला. आई बोलली नाही, दादा बोलला नाही. मला मात्र वहिनीने एकदा माझ्या केसांना तेल लावता लावता नाव सांगितलं होतं. तिने आणि दादाने ठरवलेलं. ती माझ्या मागे होती, तिचा चेहरा मला दिसत नव्हता. तेलाचा हात तेवढा थांबला होता.

तर एका संध्याकाळी खाली एक बाई आल्या, खमक्या आवाजाच्या. त्यांनी विचारलं, "मुलाचं नाव काय हो तुमच्या?" वाक्यात नाव नव्हतं. मी वर खिडकीशी उभी होते. खाली नळ वाहत होता. मग वहिनीचा आवाज आला. इस्त्रीचा नव्हे, तिचा स्वतःचा.

"ओंकार. पहिलीत आहे."

त्या बाईंनी त्याच दिवशी ऑर्डर दिली म्हणे.

पुढे काय झालं ते असं एका दमात सांगता येणार नाही. वहिनी बदलली असं म्हणावं तर ती तशीच होती. भाकऱ्या करायची, धुणं वाळत घालायची. पण मासे घेईना. खालच्या घरात मासळीचा वास चालत नव्हता, आणि ती आता हात पुन्हा पुन्हा धुऊन नाकाशी नेऊन बघायची. राजोडीची मासेवाली आमच्याकडे वर्षानुवर्षं यायची. ती पाटी घेऊन चुकून पहिल्याच मजल्यावर थांबली, वहिनी दारात दिसली म्हणून. "पाणी देऊ का मावशी?" वहिनीने विचारलं. मावशीने चौकटीतूनच आत बघितलं, नाक ओढलं.

"नको गो बाय, पानी नको इथलं," ती म्हणाली. "मान्साच्या घराला वास पायजे. या घराला वासच नाय." आणि पाटी डोक्यावर घेऊन ती वर आमच्याकडे न येता तशीच खाली उतरली.

मग एका संध्याकाळी दादा कामावरून आला. वहिनीची सुट्टी होती, तिनेच दार उघडलं. दादा घामाने निथळलेला, हातात डबा. वहिनीने त्याच्याकडे बघितलं, छान हसली आणि म्हणाली, "या ना. बसा ना. घर आपलंच समजा."

दादा हसला. त्याला वाटलं, मस्करी. मग त्याचं हसू हळूहळू उतरलं, कारण ती दारातून बाजूलाच होईना. त्याचे बूट बघत उभी होती. चिखलाचे, चाललेले.

"शैला," तो म्हणाला. "मी आहे."

"अगं बाई!" म्हणून ती बाजूला झाली.

आई मला म्हणाली, "तू पत्रकं लिहितेस ना जगासाठी? मग आपल्या माणसासाठी काय लिहिणार ते सांग." मी काय लिहिणार? कोणाविरुद्ध मोर्चा काढायचा? वहिनीला कोणी कोंडलं नव्हतं. ती रोज एक मजला खाली उतरत होती, एवढंच. आणि दर दिवशी थोडी कमी वर येत होती.

दिवाळीच्या तोंडावर एकदा आठ वाजून गेले, लाइट गेलेले, आणि वहिनी आली नाही. मी काडेपेटी घेऊन खाली गेले. दार लोटलेलं. तांबेकाका नव्हते, त्यांना आता फुलपाड्याला नवीन उघडलेल्या फ्लॅटवर पाठवलं होतं, घराजवळ म्हणून. नळ बंद होता. अंधारात पांढऱ्या लाद्या तेवढ्या दिसत होत्या, पाण्यासारख्या. वहिनी टेबलाशी बसली होती. समोर ताट, त्यावर ताट झाकलेलं.

"वहिनी, कोणासाठी?"

ती दचकली नाही. "वेड लागलंय असं समजू नकोस मीनू," ती म्हणाली. "मला माहीत आहे कोणी येणार नाही. पण इथे त्याच्याबद्दल विचारतात गं लोक. रोज विचारतात. कितवीत आहे, जेवतो का नीट. वर कोणी एकदा तरी विचारलं का?"

मी काडी ओढली होती ती बोटापर्यंत येऊन विझली. मी झाकलेलं ताट उचललं. खाली वरणभात होता, मऊ कालवलेला, थंड. त्या घरातला तो पहिला खराखुरा वास.

मग फुलपाडा. पाण्याची पत्रकं वाटत आम्ही तिथे दारोदार हिंडत होतो. एका बिल्डिंगमध्ये वर चढताना मला चपलांचे चार जोड दिसले. कोरे तळ. मी थांबायला नको होतं असं कोणी म्हणेल. मी थांबले. दार उघडंच होतं. तेच दिवे, तीच मेणाची सफरचंदं, सातच्या सुमाराला थांबलेलं तेच घड्याळ. खुर्चीत तांबेकाका, हातात तोच पेपर. त्यांनी पेपर थोडा खाली केला, मला ओळखलं आणि पुन्हा वर धरला. आतून पोपटी साडीतली एक बाई आली. कंपनीने वहिनीला दिली होती तीच साडी.

"या ना. बसा ना."

टायवाल्या पोराने आणलेलं एक जोडपं आधीच आत होतं. त्यांनी विचारलं, मुलगा कुठाय?

"ओंकार ना? क्लासला गेलाय," बाई म्हणाली. "येईलच आता."

माझ्या पायाखालच्या लाद्या गार पडल्या. साहेबांना नाव आवडलं होतं. चाललं होतं ते नाव. म्हणून त्यांनी ते सगळ्या फ्लॅटांना देऊन टाकलं. त्या क्षणी, सातच्या सुमाराला, वसईत, विरारात, जिथे जिथे त्यांचं जाळं पोचलं होतं तिथे तिथे पोपटी साडीतली कुणीतरी बाई दारात उभी राहून म्हणत होती, ओंकार क्लासला गेलाय. आणि इतक्या घरांतून निघालेला तो पोरगा एकाही घरी पोचत नव्हता.

मी घरी आले आणि वहिनीला सांगितलं. आडपडदा न ठेवता, जसं पत्रकात लिहिते तसं. आई ओरडली, "काय गरज होती?" दुसऱ्या दिवशी वहिनीने कामावर जायची साडी नेसली आणि मला म्हणाली, "चल. घर दाखव."

फुलपाड्याच्या त्या दारात दोन पोपटी साड्या समोरासमोर उभ्या राहिल्या. मी मध्ये होते आणि मला एक क्षण कळेना, मी कोणाबरोबर आले. ती बाईही गोंधळली, पण तोंड आपोआप चाललं. "या ना. बसा ना."

वहिनी बसली नाही. "मुलगा कुठाय?"

"क्लासला गेलाय."

"नाव काय?"

"ओंकार."

"कितवीत आहे?"

"दुसरीत."

"पहिलीत," वहिनी म्हणाली. अगदी हळू. "पहिलीत आहे तो."

बाईचा चेहरा उतरला. तिला वाटलं असेल, कंपनीची तपासणी आहे. "ताई, साहेबांनी दुसरीच सांगायला सांगितलंय. पहिलीतल्या पोराला एवढा क्लास नसतो, गिऱ्हाईक हसतं म्हणाले."

तांबेकाकांनी पेपर मांडीवर ठेवला. पहिल्यांदाच आवाज झाला त्याचा. "शैला, पोरी," ते म्हणाले, "मी सांगितलं होतं गं त्यांना. हे नाव खरं वाटतंय, वापरू नका. ते म्हणाले, खरं वाटतंय म्हणूनच."

वहिनी आतल्या खोलीत गेली. तिला वाट विचारावी लागली नाही. खुंटीवरचं निळं दप्तर तिने काढलं, खांद्याला लावलं आणि आम्ही निघालो. कोणी अडवलं नाही. रिक्षात तिने दप्तर मांडीवर घेतलं, उघडलं आणि मला दाखवलं. आत वर्तमानपत्राचे बोळे होते, फुगवटा यावा म्हणून. तिने ते रस्त्यावर टाकले नाहीत. घरी येऊन चुलीत, म्हणजे आमच्या स्टोव्हवर, एकेक जाळले. मग दादाने शर्ट अडकवायचा तो खिळा होता, त्याला दप्तर टांगलं. दादा आला, त्याने बघितलं, हातातला शर्ट घेऊन तो तसाच उभा राहिला. मग त्याने तो दोरीवर टाकला. तेव्हापासून त्याचा शर्ट दोरीवरच असतो.

वहिनी पुन्हा खाली गेली नाही. कंपनी काही दिवाळ्या टिकली, मग तिने गाशा गुंडाळला. खाली आता खरी माणसं राहतात. त्यांच्याकडेही लोणा आलाय, त्या पांढऱ्या लाद्यांच्या सांध्यांतून. मला त्याचा आनंद होतो. खोटं कशाला सांगू?

आणि परवा, रंगारी गेल्यावर, बेल वाजली. विशीतली मुलगी, गळ्यात ओळखपत्र, घामाघूम. "ताई, फक्त दोन मिनिटं. भिंतीचं फ्री चेकिंग आहे." आत येऊन तिने भिंतीवर बोटाच्या पेराने टकटक केलं, कान लावला, शिकवलेलं असावं. "घरात कोण कोण असतं, ताई?"

"सासूबाई, मिस्टर, ही नणंद, मी," वहिनी म्हणाली.

मुलीची नजर खिळ्याकडे गेली. "आणि बाळ? क्लासला गेलंय वाटतं?"

तिला काय माहीत होतं! काहीच नाही. सहज बोलली. आईने लसूण सोलता सोलता हात थांबवला. टकटक थांबलेली भिंतसुद्धा ऐकत होती.

"नाही," वहिनी म्हणाली. "तो जन्मलाच नाही. सहाव्या महिन्यात गेला."

इतक्या वर्षांत आमच्या घरात ते वाक्य पहिल्यांदा मोठ्याने उच्चारलं गेलं, आणि ते एका सेल्सच्या मुलीला. ती चप्पल काढून खाली बसली. आईने तिला पाणी दिलं. पाणी पिऊन झाल्यावर तिने हळूच विचारलं, "नाव ठेवलं होतं?"

"ओंकार," हे आई म्हणाली. आईला पहिल्यापासून माहीत होतं, हे मला तेव्हा कळलं.

मुलगी निघाली तेव्हा मी तिला जिन्यात गाठलं. "ए, ऐक. हे नाव तुझ्या साहेबांना सांगायचं नाही. कळलं?"

ती माझ्याकडे बघत राहिली. "मी कशाला सांगू, ताई?" म्हणाली आणि उतरली.

मी आत आले. वहिनी आणि आई स्वयंपाकघरात डक्टच्या खिडकीशी उभ्या होत्या. मीही उभी राहिले. खाली बेल वाजली. दार उघडलं. "ताई, फक्त दोन मिनिटं. घरात कोण कोण असतं?" खालच्या बाईने काहीतरी सांगितलं. मग विचारलं, "वर जाऊन आलीस का? वर कोण कोण आहे गं? गच्चीवर जाताना तुमच्या वरच्या दारातून ते दप्तर दिसतं मला नेहमी."

पाइपातून कुणाचं तरी पाणी सरसरत खाली गेलं.

"वरच्यांनी पाणी दिलं प्यायला," मुलगी म्हणाली. "तुमची भिंत दाखवता का?"

वहिनीने हात पुढे केला आणि खिडकी लावून घेतली. संध्याकाळ झाली होती. डास येतात.